दर्या बंद, दर्या खुला

कोकण किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्रात लाटांची उंची ऋतूप्रमाणे बदलते, आणि हा बदल थोडाथोडका नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किनाऱ्याजवळची लाट बहुधा एक मीटरच्या आत राहते. जून ते ऑगस्टमध्ये ती दोन-अडीच मीटरच्या आसपास असते आणि वाऱ्याचा जोर वाढला की चार मीटरच्याही पुढे जाते. आत, खोल समुद्रात, जुलैची सरासरीच तीन-चार मीटरची. ही उंची एखाद्या सुट्या लाटेची नव्हे. ठरावीक वेळात मोजलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढतात आणि तिला ‘लक्षणीय लाट-उंची’ म्हणतात. मुरलेला तांडेल समुद्राकडे नुसते पाहून जो अंदाज सांगतो, तो साधारण या आकड्याशी जुळतो. त्यातली एखादी लाट या आकड्याच्या जवळपास दुप्पटही निघते. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे लाट तिप्पट झाली की तिच्यातली ऊर्जा नऊपट होते. कोकणातला व्यापार, आरमार, मासेमारी, प्रवास आणि सणवार या नऊपटीला धरून आखले गेले, तेही तिचे मोजमाप होण्याच्या कितीतरी आधी.

लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहिला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून आलेला वारा सोमालियाच्या किनाऱ्यावर वळतो आणि सगळा अरबी समुद्र आडवा कापत कोकणावर येतो. या वेगवान पट्ट्याचे सविस्तर वर्णन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली केले. या वाऱ्याला दोन हजार किलोमीटरहून अधिक मोकळे पाणी मिळते आणि महिनाभर उसंत नसते. हिवाळ्यात चित्र उलटे होते. वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळ लाट उठवायला त्याला अंतरच मिळत नाही. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी समुद्र सपाट असतो. दुपारी खारे वारे सुटले की पाण्यावर आखूड, खडबडीत लाटा उठतात आणि रात्री पुन्हा निवतात.

शांत म्हटल्या जाणाऱ्या महिन्यांतही समुद्र अगदी निश्चल नसतो. हिवाळ्यात अरबस्तानाकडून ‘शमाल’ नावाचे वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा काही दिवसांनी रत्नागिरीपर्यंत पोहोचतात. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांबलचक लाटा तर हजारो किलोमीटर कापून वर्षभर येत राहतात. त्या उंचीने कमी असतात, पण एका लाटेपासून दुसरीपर्यंत बारा ते अठरा सेकंदांचे अंतर असते. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि तरी खाडीच्या तोंडाशी पाणी फुटते आहे, असे उन्हाळ्यात दिसते ते त्यांच्यामुळे.

पाऊस आणि लाट यांची वेळापत्रकेही एक नाहीत. मोसमी वारा कोकणावर येण्याआधीच, मेच्या अखेरीस, दूरवर उठलेल्या लाटा किनाऱ्याला लागतात. त्यानंतर चढ झपाट्याने होतो. जूनच्या मध्यापर्यंत समुद्र पुरता खवळलेला असतो आणि जुलैत लाट कळस गाठते. उतार मात्र सावकाश असतो. ऑगस्टमध्ये लाट कमी होऊ लागते. सप्टेंबरमध्ये जमिनीवर अजून सरी कोसळत असतात, पण समुद्र बराच निवलेला असतो. लाट आणि उधाण यांचीही गल्लत करू नये. उधाण चंद्र-सूर्याच्या ओढीने, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते. लाट वाऱ्याची असते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी रस्त्यावर येते तेव्हा बहुधा दोन्ही एकाच वेळी आलेली असतात.

या ऋतुचक्राच्या सर्वांत जुन्या लेखी खुणा परदेशी आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात, आणि इजिप्तहून हिंदुस्थानाकडे जुलैच्या सुमारास निघावे असा सल्लाही येतो. वरवर पाहता हा सल्ला विचित्र वाटतो, कारण जुलै म्हणजे लाटांचा कळस. पण तांबडा समुद्र उतरून खुल्या पाण्यात यायलाच काही आठवडे लागत. जहाज हिंदुस्थानाच्या किनाऱ्याला टेकेपर्यंत सप्टेंबर उजाडे; पाठीशी वारा असे आणि समोर उतरती लाट. उगाच धाडस करणाऱ्यांचे हे गणित नव्हे. पंधराव्या शतकातला अरब नाविक इब्न माजिद याच्या लेखनातही ‘समुद्र बंद होण्याचा’ काळ येतो, तो याच पावसाळी महिन्यांचा. मार्चमध्ये लिस्बन सोडून सप्टेंबरच्या आसपास गोव्यात पोहोचायचे, हा पोर्तुगीज ताफ्यांचा शिरस्ताही त्याच गणिताचा.

गोव्यात एक स्थानिक अडचण होती आणि ती आजही आहे. मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा उथळ पट्टा आहे. पावसाळी लाटा त्याच्यावर येऊन फुटतात आणि नदीचे तोंड जहाजांसाठी धोक्याचे होते. जुवारीच्या मुखावरचे मुरगाव बंदर मात्र दक्षिणेकडून आडोशाला असल्याने वापरात राहते. विसाव्या शतकात लोहखनिज वाहणाऱ्या बार्जही पावसाळ्यात मांडवीतून समुद्रात न जाता आतल्या कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत. कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या मुखांशी अशीच वाळू साचते. बाहेरची लाट दोन मीटरची असली तरी उथळ पाण्यात ती उभी राहते आणि कोसळते. म्हणून गलबते भर समुद्रात बुडण्यापेक्षा बंदरात शिरताना फुटण्याची भीती जास्त असे.

मराठ्यांचे आरमार याच वेळापत्रकाने चालले. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि पावसाळी छावणीचा विचार त्यात येतो. जहाजे किल्ल्याच्या आडोशाच्या सुरक्षित बंदरात आणून ठेवणे, हा आरमाराच्या कारभाराचा भाग होता. गुराबा आणि गलबते यांचा तळ उथळ होता; खाडीत दूरवर आत शिरणे त्यांना जमे, आणि पावसाळ्यात हाच गुण उपयोगी पडे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग या किल्ल्यांच्या जागा पाहताना शत्रूच्या तोफांइतकाच या लाटेचाही विचार करावा लागतो. विजयदुर्गाजवळची वाघोटण खाडी जहाजांना आत खोलवर आसरा देई.

लढायांच्या तारखांवरूनही हे दिसते. शिवाजी महाराजांची बसरूरची सागरी मोहीम फेब्रुवारी १६६५ मधली. कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला तो एप्रिल १७५५ मध्ये. वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. जून-जुलैत भर समुद्रातली मोठी झुंज या किनाऱ्यावर शोधूनही सहज सापडत नाही. खांदेरीचे प्रकरण जास्त बोलके आहे. १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी बेटावर माणसे उतरवून तटबंदी सुरू केली ती ऑगस्टअखेर, म्हणजे लाट उतरू लागली होती पण मुंबईकर इंग्रजांची मोठी जहाजे अजून नीट बाहेर पडलेली नव्हती. इंग्रज सप्टेंबरमध्ये अडवायला आले, तोवर बेटावर काम सुरू झाले होते. ऑक्टोबरात आरमारी झुंज झाली आणि तरीही लहान मराठी होड्या रात्री रसद पोहोचवत राहिल्या. हंगामाच्या अगदी काठावरचे ते पंधरा दिवस मराठ्यांनी नेमके साधले, असे म्हणायला हरकत नाही.

आरमाराची छावणी इतिहासात नोंदली गेली; मच्छीमारांची पावसाळी बेगमी मात्र रिवाजात राहिली. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोळीवाड्यांत आणि गाबितांच्या वस्त्यांत नौका शाकारण्याची लगबग सुरू होते. भरतीच्या वेळी होडी शक्य तितकी वर आणायची, तिच्याखाली लाकडी ओंडके घालायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी दोर धरून एका सुरात ओढायची. वर आली की जाळी, दोर, शिडे उतरवून घरात न्यायची. पुढे इंजिन आले तेही उतरवायचे. तळाला चिकटलेले कालव-शंख खरवडून काढतात. मग बांबूच्या सांगाड्यावर माडाच्या झावळ्या रचून होडी झाकतात. आता झावळ्यांची जागा बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकच्या ताडपत्रीने घेतली आहे. झाकण्याचे कारण पाऊस, पण किती वर ओढायची ते लाट ठरवते: उधाणाच्या दिवशी लाटेचे पाणी जिथवर चढते, त्याच्याही वर. घरात तोवर सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवलेले असतात.

हंगाम पुन्हा उघडतो तो नारळी पौर्णिमेला, श्रावण पौर्णिमेला. दर्याला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात. लाटांच्या आलेखाशी हा सण ताडून पाहिला तर एक अडचण दिसते. वारा सूर्याच्या वर्षाने चालतो आणि सण चंद्राच्या तिथीने. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तर २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली. या दोन तारखांच्या समुद्रात बराच फरक असतो. अधिक मासामुळे सण ऑगस्ट सोडून फारसा भटकत नाही, एवढे खरे. शिवाय पूजेच्या दिवशी होडी पाण्यात उतरली म्हणजे ती त्याच दिवशी लांबच्या पाण्यात जाते असे नाही. सण परवानगी देई. जायचे कधी ते नाखवा समुद्र पाहून ठरवी. तिथी आणि लाट यांतला फरक असा व्यवहारात मिटे.

समुद्राच्या या वेळापत्रकाचा पल्ला किनाऱ्यापुरता नव्हता. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातले रोहणा मुंबईपासून रेल्वेने सातशे किलोमीटरहून दूर. लाटेशी त्याचा संबंध काय, असे कुणालाही वाटेल. संबंध कापसाचा. जो वारा जुलैत कोकणासमोर लाट उठवतो, तोच पुढे वर्ध्याच्या काळ्या जमिनीवर पाऊस होऊन पडतो आणि त्यावर कपाशी वाढते. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, म्हणजे दर्या खुला असतानाच. पण रेल्वेच्या आधी हा कापूस वेळेवर समुद्रापर्यंत पोहोचणे कठीण होते. नागपूर-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातला बराचसा मुंबईला न येता उत्तरेला मिर्झापूरला आणि तिथून गंगेने कलकत्त्याला जात असे. मुंबईच्या वाटेवरच्या बैलांना मृगाआधी घाट उतरावाच लागे. पाऊस लागला की काळ्या मातीत गाडी आसापर्यंत रुते, कापूस भिजे, आणि पनवेल किंवा ठाण्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या होड्यांचेही हाल होत. जमिनीची वाट आणि पाण्याची वाट एकाच सुमारास बंद होत.

पहिले कुलूप रेल्वेने काढले. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि १८६७ मध्ये गाडी नागपूरपर्यंत गेली. दुसरे कुलूप १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर वाफेच्या जहाजांनी काढले. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावाने ओळखला जाई. त्याच्या गाठी आता कोणत्याही महिन्यात जहाजावर चढू शकत होत्या. पुलगाव ते आर्वी ही अरुंद मापाची रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली आणि रोहणा तिच्यावरचे एक स्टेशन झाले. तोवर मुंबईचा सागरी निर्यात-व्यापार लाटेच्या वेळापत्रकातून जवळजवळ सुटलेला होता.

वाफेने हे एका दिवसात साधले नव्हते. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही बोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तारीख अर्थातच खुल्या हंगामातली. सुरुवातीच्या त्या दुबळ्या इंजिनांना पावसाळ्यात समोरून येणारा वारा आणि लाट पेलत नसे, आणि १८३० च्या दशकात नैर्ऋत्य वाऱ्यांच्या महिन्यांत टपाल-बोटींची ये-जा खुंटत असे. इंजिने दणकट झाली तेव्हा मोठी जहाजे सुटली. लहान जहाजांची सुटका झाली नाही, आणि कोकणचा सगळा प्रवास लहान जहाजांचा होता.

मुंबई ते गोवा जाणारी कोकण बोट चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी अनुभवली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी. यांतल्या बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात थांबे, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या पडावात उतरवून किनाऱ्याला आणत. बोटीच्या शिडीवरून डुलणाऱ्या पडावात पाय टाकण्याची वेळ साधावी लागे: पडाव लाटेवर चढून वर आला की उतरायचे, खाली गेला की थांबायचे. जानेवारीत म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांनाही हे जमत असे. जूनमध्ये पडाव आणि शिडी यांत दीड-दोन पुरुष अंतर पडले असते. मे संपता संपता बोट बंद व्हायची आणि पावसाळा सरता सरता सुरू व्हायची, ती याच कारणाने. मधल्या काळात गणपतीला गावी जायचे तर घाट चढून-उतरून, कोल्हापूरवरून किंवा कराड-चिपळूणच्या वाटेने जावे लागे. रस्ते सुधारले आणि एस. टी. गावोगाव पोहोचली, तशी बोट मागे पडली; कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ती आठवणीत जमा झाली होती.

बंद हंगाम मोडला की काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण मुंबई बंदराच्या तोंडाशीच घडले. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येच्या सुमाराचा दिवस. ‘रामदास’ ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. मुंबई-रेवस अंतर थोडे आणि बरेचसे बंदराच्या आत मोडणारे, म्हणून पावसाळ्यातही तिथे वाहतूक चाले. पण काशाच्या खडकाजवळ बाहेरच्या समुद्राची लाट थेट आत येते. वादळी वाऱ्यात मोठ्या लाटेचा तडाखा बसला, प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पोहून किनारा गाठलेल्यांमुळेच मुंबईत बातमी कळली. घराघरांत मात्र ती अमावास्या लक्षात राहिली आणि लाट विसरली गेली.

खुल्या हंगामातली संकटे वेगळ्या जातीची. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठतात. म्हणजे लाटांच्या वार्षिक आलेखाच्या दोन्ही उतरणींवर. तेव्हा होड्या पाण्यात असतात. नोव्हेंबर १८८८ मध्ये ‘वैतरणा’, लोकांच्या तोंडची ‘वीजळी’, कच्छहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. ११ नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ कोकणच्या मच्छीमारांना भर हंगामात गाठून गेले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळात मुंबई हायजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. समुद्रातल्या तेलक्षेत्रावरची कामे पावसाळ्याआधी उरकण्याचे ते दिवस होते. नेहमीच्या पावसाळी लाटेविरुद्ध रिवाजाने संरक्षण दिले, चक्रीवादळाविरुद्ध ते देऊ शकत नव्हता.

मोजमाप फार उशिरा आले. मुंबईत भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून सापडते, कारण पाणी किती चढते हे बंदराला रोज लागे. लाटेची उंची मात्र विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात जहाजावरचे अधिकारी डोळ्यांनी अंदाजून लिहीत. वादळी पट्टा टाळून जाणारी जहाजे तिथली नोंद करत नसत, त्यामुळे या आकड्यांत पावसाळा असायला हवा त्यापेक्षा सौम्य दिसतो. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि किनाऱ्यावरच्या लाटांचा पद्धतशीर अभ्यास पुढे तिच्या गोव्यातल्या मुख्यालयात वाढला. १९९० च्या दशकात समुद्रात नांगरलेले तरंगते बोये आले, उपग्रहावरून लाट मोजणेही त्याच काळात रुळले. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था १९९९ मध्ये सुरू झाली. रत्नागिरीसमोरच्या बोयाची नोंद आता तिच्याकडे जाते. पिवळा, माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा गोळा लाटेबरोबर वर-खाली होतो आणि आतली यंत्रणा तेवढ्यावरून उंची, कालावधी आणि दिशा काढते. त्याच्या आलेखात जूनचा उभा चढ, जुलैचा माथा आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा लांब उतार दिसतो. शाकारणीची वेळ चढाच्या पायथ्याशी आणि नारळी पौर्णिमा उतारावर कुठेतरी, हे त्यावरून ताडून पाहता येते.

कायदा या रिवाजाला येऊन मिळाला तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने. पूर्वी यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी १० जूनला सुरू होऊन १५ ऑगस्टला किंवा नारळी पौर्णिमेला, जे आधी येईल तेव्हा, संपे. आता सगळ्या पश्चिम किनाऱ्यासाठी ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. माशांचा विणीचा काळ आणि माणसांचा जीव अशी दोन्ही कारणे त्यामागे दिली जातात. नव्या तारखांनी सुरुवात लाटेच्या जवळ आणली, शेवट मात्र दूर नेला: १ ऑगस्टचा समुद्र अजून पावसाळ्याचाच असतो. बंदी पूर्वीसारखी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत ठेवावी, अशी मागणी मच्छीमारांच्या संघटना वारंवार करतात. मोठ्या ट्रॉलरला दोन मीटरची लाट झेपते, लहान नौकेला नाही. त्यामुळे पहिल्या पंधरवड्याची मासळी कुणाच्या पदरात पडते, हाही प्रश्न त्या मागणीत दडलेला आहे. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी नाही. त्या खाडीत आणि किनाऱ्याच्या आडोशाला पावसाळाभर जाळे टाकतात.

प्रवासी वाहतुकीत सीमा वेगळ्या पडल्या आहेत. गेटवे ते मांडवा या लाकडी लाँच आणि मालवणहून सिंधुदुर्गावर जाणाऱ्या होड्या मेअखेर थांबतात आणि ऑगस्ट सरता सरता किंवा सप्टेंबरात सुरू होतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला सुरू झालेली रो-रो बोट मात्र आकाराने मोठी असल्यामुळे पावसाळ्यातही चालते, आणि समुद्र फारच खवळला तर त्या दिवसापुरत्या फेऱ्या रद्द करते. मासेमारी बंदरांतही अखेरचा निर्णय असाच रोजच्या रोज होतो. १ ऑगस्टला बंदी उठते, बर्फ भरून नौका तयार असतात, आणि बंदरावर खवळलेल्या समुद्राचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलेला असतो. अशा वर्षी हर्णै आणि मिरकरवाड्याच्या नौका परवाना हातात असूनही बावटा उतरेपर्यंत आतच थांबतात.